फुले गळाली; आता दांडा कापायचा का?

वाकोल्याच्या कोणत्याही गल्लीतून मान वर करून चालत गेलात, तर खिडक्यांच्या लोखंडी जाळ्यांत छोट्या छोट्या बागा नांदताना दिसतील. तुळस, कोरफड, मनीप्लँट, एखादा गुलाब. अलीकडे या मंडळींत एक नवा पाहुणा आला आहे. जाड, रुंद, चकचकीत अशी चार-पाच पाने, त्यांच्या बगलेतून निघालेला कमानदार दांडा, आणि त्या दांड्यावर ओळीने बसलेली पांढरी किंवा जांभळी फुले. हे ऑर्किड. मराठीत याला ‘आमर’ असाही शब्द आहे. वाढदिवसाला, दिवाळीला किंवा नव्या घराच्या पूजेला कोणीतरी हौसेने काही शे रुपये मोजून ते आणून देते. फुले दोन-तीन महिने टिकतात. सारे घर खूष असते.

मग एकेक फूल गळते. शेवटी उरतो एक हिरवा, बोडका दांडा. आता घरात मतभेद सुरू होतात. कोणी म्हणते, दांडा मुळापासून छाटा. कोणी म्हणते, हिरवा आहे तोवर हात लावू नका. आणि कोणीतरी म्हणते, झाड संपले, कुंडी रिकामी करा. दुर्दैवाने पुष्कळ घरांत हे तिसरे मत जिंकते आणि चांगले जिवंत, आणखी अनेक वर्षे जगू शकणारे झाड कचऱ्याच्या डब्यात जाते.

मित्रांनो, या भांडणाचा निकाल मताने नव्हे, तर विज्ञानाने लावता येतो. त्यासाठी तीन गोष्टी पाहाव्या लागतात: आपले ऑर्किड कोणत्या जातीचे आहे, त्याच्यापाशी शिल्लक किती आहे, आणि हवा कशी आहे. आपण त्या क्रमाने पाहू.

पाहुणा कोण?

ऑर्किडचे कुल फार मोठे आहे. जगात त्याच्या २५ हजारांहून अधिक जाती आहेत आणि एकट्या भारतात सुमारे साडेबाराशे. पण दुकानातून खिडकीत येणारी कुंडी बहुधा फॅलिनॉप्सिस या प्रजातीची संकरित असते. हे नाव कार्ल ब्लूम या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२५ साली दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘पतंगासारखे दिसणारे’. दिव्याभोवती येतो तो पतंग बरे का, संक्रांतीचा नव्हे! आग्नेय आशियातील उष्ण, दमट जंगलांत ही ऑर्किडे झाडांच्या फांद्यांवर राहतात.

फांदीवर राहतात म्हणून त्यांना बांडगूळ समजू नका. बांडगूळ झाडाच्या सालीत घुसून त्याचा रस पिते. ऑर्किड फक्त बसायला जागा मागते. त्याची मुळे सालीला चिकटतात आणि पावसाचे पाणी स्पंजासारखे टिपून घेतात. अशा वनस्पतींना अपिवनस्पती म्हणतात. आपल्या सह्याद्रीतही त्या विपुल आहेत. सीतेची वेणी या नावाने ओळखले जाणारे ऑर्किड पावसाळ्याच्या तोंडाला झाडांवरून फुलांचे लांब तुरे सोडते. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकवणारे फादर सांतापाव यांनी कपाडिया यांच्यासह या भागातील ऑर्किडांचा कसून अभ्यास केला आणि ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ हा त्यांचा ग्रंथ १९६६ साली प्रसिद्ध झाला.

दांड्यावरील झोपलेल्या कळ्या

आता आपला बोडका दांडा जवळून पाहा. उसाच्या कांड्याला असतात तशी त्यावर ठराविक अंतरावर पेरे दिसतील. प्रत्येक पेरावर एक लहानसा त्रिकोणी खवला दांड्याला चिकटून बसलेला असतो. त्याच्या आड असते एक अगदी छोटी कळी. वरच्या पेरांवरील कळ्यांची फुले झाली, पण खालच्या तीन-चार पेरांवरील कळ्या अजून झोपलेल्याच आहेत.

त्यांना झोपवून कोणी ठेवले? दांड्याच्या शेंड्याने. वाढणारा शेंडा ऑक्सिन नावाचे संप्रेरक तयार करतो. ते दांड्यातून खाली उतरते आणि खालच्या कळ्यांना जणू ‘अजून थांबा’ असा हुकूम देते. केनेथ थिमन आणि फोल्के स्कूग या दोन शास्त्रज्ञांनी १९३३ साली घेवड्यासारख्या एका शेंगवर्गीय रोपावर हे दाखवून दिले. त्यांनी रोपाचा शेंडा कापला, तेव्हा बगलेतील कळ्या जाग्या झाल्या. पण कापलेल्या जागी ऑक्सिन लावले, तेव्हा शेंडा नसूनही कळ्या झोपूनच राहिल्या.

पुढे यात आणखी एक दुवा मिळाला. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या क्रिस्टीन बेव्हरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली वाटाण्याच्या रोपांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. शेंडा कापल्याबरोबर कळ्यांना प्रथम जाग येते ती साखर मिळू लागल्यामुळे, असे त्यांना आढळले. वाढता शेंडा साखरेचा मोठा वाटा स्वतःकडे ओढून घेत असतो. तो गेला की तीच साखर खालच्या कळ्यांकडे वळते.

हा अनुभव आपल्या घरातही आहे. तुळशीच्या मंजिऱ्या खुडल्या की तुळस डेरेदार होते, असे आजी सांगते ना? तेच हे शास्त्र.

तेव्हा पहिला नियम असा: फॅलिनॉप्सिसचा दांडा हिरवा आणि टणक असेल, तर तळाकडून पेरे मोजावीत आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या पेराच्या साधारण एक सेंटिमीटर वर कापावे. त्या पेरावरील कळी जागी झाली, तर दोन-तीन महिन्यांत तिथून आडवी फांदी फुटून फुले येऊ शकतात. दांडा पिवळा पडून सुकू लागला असेल, तर त्या कळ्याही त्याच्याबरोबर गेल्या असे समजावे आणि तळाशी दोन सेंटिमीटर खुंट ठेवून बाकीचा काढून टाकावा.

साखरेचा जमाखर्च

पण हिरवा दांडा आहे म्हणून पेरावर कापलेच पाहिजे असे नाही. फुले म्हणजे खर्च, आणि खर्च करण्यापूर्वी शिल्लक पाहावी लागते. ही शिल्लक किती वेगाने जमते, याचा आपण ढोबळ हिशेब करू. भौतिकशास्त्राच्या मास्तराला आकडेमोडीशिवाय चैन पडत नाही, एवढे चालवून घ्या.

समजा, झाडाला पाच पाने आहेत आणि प्रत्येक पान सुमारे २० सें.मी. लांब व ८ सें.मी. रुंद आहे. पान टोकांकडे निमुळते असते, म्हणून एका पानाचे क्षेत्रफळ १६० ऐवजी १२० चौ. सें.मी. धरू. पाच पानांचे मिळून ६०० चौ. सें.मी., म्हणजे ०.०६ चौ. मीटर झाले. भर उन्हात दर चौरस मीटरला सुमारे १,००० वॅट इतकी सूर्यशक्ती मिळते. खिडकीतल्या सावलीत तिचा दहावा हिस्सा, म्हणजे १०० वॅट, येतो असे धरू. तर सगळ्या पानांवर मिळून ६ वॅट पडतात. 

दिवसात आठ तास असा उजेड मिळाला, तर एकूण ऊर्जा सुमारे १७३ किलोज्यूल होते. प्रकाशसंश्लेषणात त्यातील फार तर एक टक्का साखरेच्या रूपाने साठतो असे मानू. म्हणजे १.७ किलोज्यूल. एक ग्रॅम ग्लुकोजमध्ये सुमारे १६ किलोज्यूल ऊर्जा असते. भागाकार केला की उत्तर येते: दिवसाला सुमारे ०.११ ग्रॅम साखर.

चहाच्या एका चमच्यात साधारण पाच ग्रॅम साखर मावते. आपल्या ऑर्किडला तो चमचा भरायला दीड महिना लागेल! त्यातूनच श्वसन भागवायचे, नवीन मुळे काढायची, नवे पान काढायचे, आणि फुलेही द्यायची. हे आकडे प्रत्येक खिडकीत बदलतील, पण मुद्दा बदलणार नाही. या झाडाची कमाई तुटपुंजी आहे.

म्हणून दुसरा नियम: झाडाला चार-पाच टणक, हिरवी पाने आणि भरीव मुळे असतील, तरच पेरावर कापून दुसऱ्या बहराची अपेक्षा करावी. पाने दोन-तीनच असतील, सुरकुतली असतील किंवा मुळे पोकळ झाली असतील, तर दांडा हिरवा असला तरी तळाशी कापावा. एक बहर सोडून दिला म्हणजे ती साखर पाने-मुळांच्या कामी येते आणि पुढचा बहर चांगला येण्याची शक्यता वाढते.

वाकोल्याची हवा काय म्हणते?

आता तिसरी आणि मुंबईकरांसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पुस्तकांत व पत्रकांत ‘पेरावर कापा, फुले येतील’ एवढेच लिहिलेले असते. ते सल्ले बहुधा थंड देशांतील असतात. आपल्याकडे तापमानाचा विचार केल्याशिवाय कात्री उचलू नये.

फॅलिनॉप्सिसला नवा दांडा काढण्यासाठी काही आठवडे गारवा लागतो. हवा सतत २८ अंश सेल्सियसच्या वर राहिली, तर झाड पाने काढत राहते, दांडा काढत नाही. पुष्कळांची समजूत अशी की रात्री गार असल्या म्हणजे पुरे. अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठाच्या मॅथ्यू ब्लँचर्ड व एरिक रंकल यांनी ही समजूत तपासली. त्यांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. झाडांना दिवसा २९ अंशांत ठेवले, तेव्हा रात्री १७ अंशांपर्यंत गारवा देऊनही फुलोरा येईना. दिवसाचे तापमान २३ अंश व रात्रीचे १७ अंश ठेवले, तेव्हा मात्र बहुतेक झाडांना दांडे आले. म्हणजे या झाडाच्या दृष्टीने दिवसाचा गारवा निर्णायक आहे.

वाकोल्याजवळच, विमानतळाच्या परिसरात, भारतीय हवामानशास्त्र विभागाची सांताक्रूझ वेधशाळा आहे. मुंबईच्या बातम्यांत ‘सांताक्रूझ येथे किमान तापमान’ म्हणून जो आकडा येतो, तो तिथलाच. त्या नोंदींनुसार जानेवारीत सरासरी किमान तापमान सुमारे १७ अंश आणि कमाल सुमारे ३१ अंश असते. २२ जानेवारी १९६२ रोजी तर तिथे पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता. मे महिन्यात मात्र रात्रीही पारा २७ अंशांच्या आसपास घुटमळतो.

म्हणजे जानेवारीच्या दुपारी बाहेर ३१ अंश. ऑर्किडला हे जास्तच झाले! मग आपल्याकडे फॅलिनॉप्सिस पुन्हा फुलणारच नाही का? इथे भौतिकशास्त्र मदतीला येते. वेधशाळेचा आकडा बाहेरच्या हवेचा असतो. घराच्या विटा-सिमेंटच्या भिंतींची उष्णताधारकता मोठी असते. त्या रात्री थंड होतात आणि दिवसा सावकाश तापतात, त्यामुळे सावलीतील खोलीत दुपारचे तापमान बाहेरच्यापेक्षा काही अंशांनी कमी राहू शकते. त्यातून हिवाळ्यात मुंबईची हवा पावसाळ्याच्या मानाने कोरडी असते, आणि कोरड्या हवेत बाष्पीभवन चांगले होते. एक ग्रॅम पाणी वाफ होताना भोवतालची सुमारे २,४०० ज्यूल उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी गार होते ते याच कारणाने. म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी कुंडी उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या खिडकीशी, दुपारच्या उन्हापासून दूर ठेवावी. तिच्याजवळ ओल्या विटा किंवा ओले गोणपाट ठेवावे. कुंडीच्या तळाशी मात्र पाणी साचू देऊ नये, नाहीतर मुळे कुजतील.

आता दांड्याच्या प्रश्नाकडे परत येऊ. तापमानाचा परिणाम दांड्यावरील झोपलेल्या कळ्यांवरही होतो. हवा थंड असेल, तर जागी झालेली कळी फुलांची फांदी बनते. हवा उष्ण असेल, तर तिच्यातून पाने फुटून एक पिल्लू-रोप तयार होण्याचा संभव अधिक. जगभरचे बागवान या पिल्लाला ‘केकी’ म्हणतात. हा हवाई बेटांतील भाषेतला शब्द असून त्याचा अर्थ ‘लेकरू’. पिल्लू हवे असेल तर आनंदच आहे. त्याला बोटभर लांबीची दोन-तीन मुळे फुटली की ते वेगळे लावता येते. पण फुले हवी असतील तर ऋतू पाहिलाच पाहिजे.

त्यावरून वाकोल्याच्या खिडकीसाठी एक वेळापत्रक मांडता येते.

फुले डिसेंबर-जानेवारीत संपली, दांडा हिरवा आहे आणि झाड सशक्त आहे: दुसऱ्या-तिसऱ्या पेराच्या वर कापा. गारव्याचे आठवडे अजून हातात आहेत.

फुले मार्च ते मेमध्ये संपली: दांडा तळाशी कापा. उन्हाळ्यात नवीन फुलांचा आग्रह धरू नका. पावसाळ्यातील दमट हवेत झाडाला नवे पान व नवी मुळे काढू द्या. पुढच्या हिवाळ्यात नवा दांडा येण्याची वाट पाहा.

फुले पावसाळ्यात संपली: तळाशीच कापा, आणि कापलेल्या जागी व पानांच्या बेचक्यात पाणी साचणार नाही असे पाहा. या दिवसांत बुरशी फार लवकर धरते.

सगळी ऑर्किडे सारखी नव्हेत

वरील नियम फॅलिनॉप्सिसचे आहेत. दादरच्या फुलबाजारात जुड्यांनी मिळणारी जांभळी-पांढरी ऑर्किडची फुले बहुधा डेंड्रोबियमची असतात. त्याला उसासारखी जाड, उभी खोडे असतात. बहर संपला की फक्त सुकलेली फुलकाडी कापावी, खोडाला हात लावू नये. पाने गळालेले जुने खोडही पाणी आणि अन्न साठवून असते, आणि त्यावर पुन्हा फुले येऊ शकतात. सह्याद्रीतील काही डेंड्रोबियम तर उन्हाळ्यापूर्वी सगळी पाने टाकतात. झाडावर नुसत्या वाळक्या काड्या दिसतात, आणि एके दिवशी त्याच काड्यांवर पांढरी फुले उमलतात! वाळकी म्हणून कोणी त्या तोडल्या असत्या, तर? खोड पूर्ण तपकिरी, पोकळ आणि सुरकुतलेले झाले, तरच काढावे.

व्हँडा आणि सीतेची वेणी यांचा तुरा पानाच्या बगलेतून येतो आणि एकदाच फुलतो. तो सुकल्यावर तळाशी कापावा. याच्या उलट, फुलपाखरासारखे फूल येणारे सायकॉप्सिस नावाचे ऑर्किड एकाच दांड्याच्या टोकावर एकामागून एक फुले कितीतरी महिने देत राहते. त्याचा हिरवा दांडा कापणे म्हणजे पुढची सारी फुले फेकून देणे.

कापावे कसे?

काम साधे आहे, पण पाते स्वच्छ हवे. ऑर्किडांना होणारे काही विषाणुरोग, उदाहरणार्थ सिंबिडियम मोझेक, कापण्याच्या हत्याराला लागलेल्या रसातून एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. एकदा शिरलेला विषाणू झाडातून काढता येत नाही. म्हणून प्रत्येक झाडासाठी नवे पाते घ्यावे किंवा पाते ज्योतीवर चांगले तापवून थंड करून घ्यावे. हे काम घरातील मोठ्या माणसांच्या देखत करा. काप सरळ व एका झटक्यात असावा, दांडा चिरडू नये. कापलेली जागा दोन दिवस कोरडी ठेवावी.

कापलेला दांडा फेकण्यापूर्वी त्याची पेरे एकदा नीट पाहा. गॅव्हिनो रोटर या फिलिपिनो संशोधकाने १९४९ साली अमेरिकेत अशाच दांड्याची पेरे काचेच्या नळीत, पोषक माध्यमावर वाढवून त्यांपासून नवी रोपे मिळवली होती. पुढे १९६० साली जॉर्ज मोरेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने शेंड्याच्या सूक्ष्म भागापासून ऑर्किडे वाढवण्याची रीत मांडली. एकेकाळी श्रीमंतांच्या काचगृहात राहणारी ही फुले आज आपल्या खिडकीत आली, त्यामागे अशा प्रयोगशाळांचा मोठा हात आहे.

आणि म्हणूनच एक विनंती. ऑर्किडची हौस भागवण्यासाठी प्रयोगशाळेत वाढवलेली रोपे सहज मिळतात. सहलीला गेल्यावर माथेरान-महाबळेश्वरच्या झाडांवरून ती ओरबाडून आणू नका, आणि कोणी रस्त्यावर विकत असेल तर घेऊही नका. रानातील ऑर्किडचे बी धुळीसारखे बारीक असते, त्यात अन्नाचा साठा नसतो, आणि योग्य बुरशीची साथ मिळाल्याशिवाय ते रानात रुजत नाही. तोडलेल्या एका झाडाची जागा भरून यायला वर्षानुवर्षे लागतात.

तुम्हीच करून पाहा

तुमच्या घरी, शेजारी किंवा शाळेत ऑर्किड असेल, तर या हिवाळ्यात एक प्रयोग करा. साधा तापमापक घ्या. खिडकीची जाळी, खोलीचा मध्य आणि ओल्या विटांजवळची जागा, अशा तीन ठिकाणी सकाळी ८, दुपारी २ आणि रात्री ९ वाजता तापमान नोंदवा. महिनाभराची नोंद झाली की तिन्ही जागांची दुपारची सरासरी काढा. सर्वांत कमी सरासरी जिथे येईल, तिथे कुंडी ठेवा. दोन झाडे मिळाली तर फारच उत्तम. एकाचा दांडा पेरावर कापा, दुसऱ्याचा तळाशी. कापल्याची तारीख, पानांची संख्या, पहिला कोंब दिसल्याची तारीख आणि तो फुलांचा निघाला की पानांचा, हे सारे वहीत लिहून ठेवा.

कोंब दिसला की लगेच ओळखण्याची एक खूण सांगतो. मुळाचे टोक गुळगुळीत व गोल असते आणि ते बहुधा खाली वळते. दांड्याचे टोक किंचित चपटे, हातमोज्यातील अंगठ्यासारखे असते आणि ते वर चढते. त्यावर पहिला खवला दिसला की शंका उरत नाही. त्या दिवसापासून कुंडी फिरवू नका, कारण दांडा उजेडाकडे वळत वाढतो आणि सारखी दिशा बदलली तर तो वेडावाकडा होतो.